पाण्याबाहेर नाही

सॅटलिक नदीवर स्टीलहेड मासे धरणाऱ्यांच्या मंडळाचे तीन नियम होते आणि तिन्ही ड्वाइट ऑस्ट्रेमने लिहिले होते. त्यामुळे त्या तिन्ही नियमांनी मिळून त्याचाच गळा धरला, तेव्हा दाद कोणाकडे मागायची हा प्रश्नच होता. तक्रार समितीचा प्रमुखही तोच होता.

पहिला नियम असा, की नदीतच जन्मलेला मासा, म्हणजे ज्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर (पैदास केंद्रातल्या माशांचा तो कापलेला असतो) शाबूत आहे असा, पाण्याबाहेर काढायचा नाही. फोटोसाठी नाही, बायकोला दाखवायला नाही, बोटभरसुद्धा नाही. आता फोटो नाही म्हटल्यावर पुरावा काय? म्हणून दुसरा नियम. मंडळाच्या दुसऱ्या सभासदाने हातभर अंतरावरून तो मासा डोळ्यांनी पाहायचा, आणि नोरीनच्या खानावळीतल्या फळ्यावर तो त्या साक्षीदारानेच खडूने लिहायचा. तिसरा नियम अध्यक्षासाठी होता. लागोपाठ तीन हंगाम ज्याचा मासा फळ्यावर लागला नाही, त्याने खुर्ची सोडायची. हा ड्वाइटने आधीच्या अध्यक्षांना घालवण्यासाठी केला होता. म्हातारबुवा सभेत घोरायचे. नियम झाला, म्हातारबुवा गेले, टाळ्या पडल्या.

आज मार्चची एकतीस तारीख. सूर्य मावळला की नदी बंद, आणि उद्या सभा. ड्वाइटचा हा माशाविना तिसरा हंगाम होता आणि त्याच्या नावापुढे फळा स्वच्छ होता.

फुकटची खुर्ची ती, गेली तर गेली, असं कोणी म्हणेल. पण तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचं निवृत्तीनंतर कोण ऐकून घेतं? बायको रेडिओ लावायची. मुलगी फोन स्पीकरवर टाकून भांडी घासायची. साऱ्या जगात चौदा माणसं उरली होती, जी महिन्यातून एकदा त्याने लाकडी हातोडा आपटला की गप्प बसत. त्या चौदांसाठी तो सकाळपासून कमरेइतक्या बर्फाच्या पाण्यात उभा होता.

नदी फुगत होती. वर डोंगरात पाऊस लागला होता आणि बर्फही वितळत होतं. सकाळी बाटलीच्या काचेसारखं हिरवं असलेलं पाणी आता चहाच्या रंगावर आलं होतं. आणखी तासाभराने त्यात दूध पडणार, आणि मग माशाला स्वतःची शेपटी दिसली तरी पुष्कळ. गळाला बांधलेली पिसांची माशी कुठून दिसायला?

बाकीचे सभासद दुपारीच घरी गेले होते. उरला होता एकटा लोवेल पिकेट. चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवलेला, डावा गुडघा स्टीलचा, मिशी मात्र मूळचीच. उद्या ड्वाइटची खुर्ची रिकामी झाली तर तिच्यात कोण बसणार, हे नोरीनच्या मांजरालाही माहीत होतं.

लोवेल उशिरा आला म्हणून रीतीप्रमाणे वरच्या बाजूने पाण्यात उतरला. आधी आलेल्या माणसाच्या खाली उतरायचं नाही, एवढं या नदीवर चोरसुद्धा पाळतात. फेक करायची, प्रवाहाला माशी आडवी वाहून न्यायला द्यायची, मग दोन पावलं खाली सरकायचं. ड्वाइट सरकला की साठ पावलांवर लोवेल सरके. जनाजा निघाल्यासारखे दोघे चालले होते.

"अध्यक्षमहाराज!" लोवेल ओरडला. "काही चावलं का?"

"नाही अजून."

"थंडी तरी चावली असेल."

ड्वाइटचे डोळे दोरावर होते. त्याची माशी एका बुडालेल्या खडकामागे शिरली होती आणि तिथे दोराला कोणीतरी बारीक चिमटा काढला.

अशा वेळी काही करायचं नसतं. समुद्रातून नदीत परतणारा स्टीलहेड माशी तोंडात घेतो, वळतो आणि वळता वळता स्वतःच गळाला लागतो. तोवर माणसाने झाडासारखं उभं राहायचं. चिमटा बसताच गळाची काठी उचलायची ती नदीतल्या छोट्या ट्राउट माशासाठी. ट्राउटवाल्याचा हात आपोआप उठतो, आणि त्या हाताने आजवर जितके स्टीलहेड वाचवले तितके सरकारी खात्यानेही वाचवले नसतील. हे वाक्य ड्वाइट दर वर्षी नव्या सभासदांना ऐकवायचा. ते हसायचे.

ड्वाइटचा हात उठला. दोर हलका झाला.

"काठी उचललीस ना?" वरून आवाज आला.

"नाही."

"उचललीस. ट्राउटला उचलतात तशी उचललीस. मी पाहिलं."

"एवढ्या लांबून?"

"एवढ्या लांबून तेवढंच तर दिसतं!"

ड्वाइटने माशी तपासली. बोटं सुन्न पडली होती, गाठ सोडायला दात लावावे लागले. सूर्य समोरच्या देवदारांच्या शेंड्यांना टेकायला आला होता. काठावरचा एक पांढरा धोंडा त्याने मघाशी खूण म्हणून धरला होता, तो आता पाण्याखाली होता.

त्याने फेक केली. दोन पावलं. पुन्हा फेक. हात जागेवर राहावेत म्हणून तो मनातल्या मनात अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुरुस्त्या म्हणू लागला. पहिली, भाषणाचं स्वातंत्र्य. दुसरी, शस्त्रं. तिसरीत शांततेच्या काळात सैनिकांना लोकांच्या घरात ठेवायला बंदी, हिच्यावर मुलं नेहमी हसायची. चौथीवर असताना दोर ताठ झाला. ड्वाइट हलला नाही. पाचवीत आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही. दोर आणखी ताठ झाला आणि रीळ किंचाळलं.

मासा खालच्या दिशेने सुटला. प्रवाहाच्या मधोमध एकदा वर आला, आडवा पडला, पाणी फुटलं, आणि तो पुन्हा दिसेनासा झाला. ड्वाइट काठावर चढून शेवाळलेल्या गोट्यांवरून त्याच्यामागे धावू लागला. एकसष्टाव्या वर्षी छातीपर्यंतची रबरी विजार घालून माणूस जेवढा धावू शकतो तेवढाच.

"लोवेल! लागला! चल, साक्षीदार!"

"एवढी फेक पुरी होऊ दे की!"

कोणाला मासा लागला तर वरच्याने लगेच दोर गुंडाळायचा, ही रीत. लोवेलची माशी सगळा प्रवाह ओलांडून, टंगळमंगळ करत काठाला लागली. मग त्याने रीळ फिरवायला घेतलं. विहिरीतून बादली ओढावी तसं.

दहा मिनिटं गेली असतील. खालच्या उथळ पाण्यात मासा अखेर कुशीवर झाला. ड्वाइट गुडघ्यांवर बसला, काठी काखेत धरली आणि दुसऱ्या हाताने शेपटीचा बुंधा पकडला. अंगठ्याला तो छोटा पर लागला, अख्खा. नदीचाच मासा. त्याने मान वळवून वर पाहिलं.

लोवेल चाळीस पावलांवर होता.

"दिसतोय का?"

"पाणी दिसतंय."

"लवकर ये ना!"

"गुडघा स्टीलचा आहे रे, त्याला इंजिन नाही बसवलेलं!"

लोवेलने चालायची काठी टेकली, पाऊल टाकलं, गोटा डगमगतो का ते पाहिलं, दुसरं पाऊल टाकलं. खरंच गुडघा दुखत होता की उद्याची खुर्ची आठवत होती, ते ड्वाइटला कळेना. तो लोवेलच्या पायांकडे बघत राहिला, चेहऱ्याकडे बघत राहिला. मिशीतून पाणी ठिबकत होतं. हसतोय की दात खातोय?

"ड्वाइट! जरा वर उचल त्याला. मी इथूनच बघतो."

"उचलू? पाण्याबाहेर?"

"इंचभर. कोण बघतंय?"

"तूच बघतोयस!"

"मग तेच तर हवंय ना तुला?"

 उचलला तर लोवेल माशाचा साक्षीदार होईल, आणि गुन्ह्याचाही. पहिला नियम मोडणाऱ्याचं नाव मंडळातूनच कटतं, हे पोटकलम कोणी घातलं हे सांगायची गरज नाही. नाही उचलला तर नुसतं पाणीच दिसणार. दोन्हीकडून खुर्ची जात होती. फक्त लोवेलने चाल वाढवली तर ती वाचत होती, आणि लोवेल तीस पावलांवर थांबून श्वास घेत होता.

मुठीतल्या शेपटीने एकदा झटका दिला. मग दिला नाही. गढूळ पाणी आलं होतं, त्यातून कल्ल्यांना काय मिळत असेल ते असो. दमलेल्या माशाला धरून ठेवणं म्हणजे त्याला सावकाश मारणं, असं मंडळाच्या पत्रकात छापलेलं होतं, ठळक अक्षरात.

"ये रे बाबा! धाव ना!"

"आलो! आलो!"

वीस पावलं. ड्वाइटची कोपरं आपोआप वर झाली. त्याने ती वर केली नव्हती, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. हातावरचं पाणी पातळ झालं, माशाची पाठ हवेला लागली, गार वारा त्याच्या ओल्या मनगटांवरून गेला. लोवेल जागीच उभा राहिला आणि मान पुढे काढून बघू लागला. आणखी एक इंच, की संपलं.

शेपटी हातात ढिली पडली. मासा कलंडत होता.

ड्वाइटने कोपरं खाली दाबली. माशाचं तोंड प्रवाहाकडे फिरवलं, एक श्वास, दुसरा श्वास, आणि शेपटी पुन्हा कडक झाली तशी त्याने मूठ उघडली.

लोवेल पोचला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला होता आणि हातमोजा फाटला होता. वाटेत तो पडला होता. ड्वाइटने बघितलं नव्हतं असं नाही. ते त्याला सोंग वाटलं होतं.

"कुठाय?"

"गेला."

"असा कसा गेला? मी पळत आलो इथवर!"

"धरला असता तर मेला असता."

लोवेल धापा टाकत पाण्याकडे बघत राहिला. "केवढा होता?"

ड्वाइटने तोंड उघडलं. तीस इंच म्हणायचं होतं. बत्तीसही चाललं असतं. पण आकडा आठवायला आधी मासा आठवायला हवा, आणि तिथे काहीच नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे? तुझ्या हातात होता!"

"मी तुझ्याकडे बघत होतो."

लोवेलने फाटका हातमोजा काढून पिळला. "शेपटी पाहिली मी. बहुतेक. एखादी फांदीही असेल."

"हातभर अंतरावरून?"

"नियम येतात मला. तूच घोकून घेतलेस आमच्याकडून." मग हातमोजा खिशात कोंबून म्हणाला, "लिहू का? तू म्हणशील तेवढे इंच लिहितो. काय म्हणतोस, बोल."

आयुष्यात ड्वाइटला इतकं सोपं काही कोणी विचारलं नव्हतं. एक शब्द, आणि चौदा माणसं आणखी वर्षभर गप्प बसली असती. पंधरावा, म्हणजे तो स्वतः, तोही गप्प बसला असता, पण त्याचं गप्प बसणं वेगळं असतं.

"नको लिहू."

"मग उद्या खुर्ची माझ्याकडे येते."

"हो."

"चालेल तुला?"

"नाही," ड्वाइट म्हणाला. "पण नको लिहू."

लोवेलने मान हलवली आणि काठी टेकत गाडीकडे निघाला. अर्धा तास उजेड होता. ड्वाइट परत वर चालत गेला आणि पाण्यात उतरला. पाण्यात आता दूध पडलं होतं, माशी टाकली की चार बोटांवर दिसेनाशी व्हायची. तरी त्याने फेक केली, आणि माशी काठाला लागेपर्यंत आठवून पाहिलं, की त्या माशाच्या कुशीवर नदीत दिवस काढल्याचा तांबडा पट्टा होता की समुद्रातून नुकताच आलेला रुपेरी होता. आठवलं नाही. लोवेलची मिशी मात्र थेंबाथेंबासकट आठवत होती.

त्याने दोन पावलं खाली सरकून पुन्हा फेक केली.