कंडक्टरची भूक

मित्रांनो, मी लोह्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत राहणारा एक म्हातारा जर्मन शेफर्ड कुत्रा आहे. माझ्या तोंडावरचे केस पिठात तोंड घातल्यासारखे पांढरे झालेत. मागचा डावा पाय थंडीत कुरकुरतो. पण माझं पोट मात्र रोज भरतं. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? मला विचारा. आयुष्यातलं जवळजवळ एक वर्ष मी असं काढलंय, की चार कुत्र्यांचं जेवण जेवायचो आणि तरीही उपाशी असायचो.

माझा जन्म उदगीरचा. तिथल्या गुरुबसप्पा नावाच्या भुसार व्यापाऱ्याच्या दुकानामागे, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर आम्ही सहा भावंडं जन्मलो. साहेबराव हे गुरुबसप्पांचे जुने मित्र. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच उदगीरच्या रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर ते मित्राला भेटायला आले, तेव्हा मी थप्पीवरून घसरत थेट त्यांच्या पायाशी येऊन पडलो आणि चपलेचा अंगठा चावू लागलो. साहेबरावांनी मला उचललं ते खाली ठेवलंच नाही.

लोह्यात त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी दार उघडलं.

"आवं, हे काय आणलं?"

"कंडक्टर आणला," साहेबराव म्हणाले. "डायवर रिटायर झाला म्हणून काय झालं? गाडी चालू हाय तवर कंडक्टर पायजेच की."

तेच माझं नाव पडलं.

घरात माणसं दोनच. त्यांची लेक बुद्धप्रिया लग्न होऊन नांदेडला गेली होती आणि तिथं नर्सचं काम करत होती. त्यामुळे मायेचा सगळा वाटा माझ्याकडे आला. सकाळी मी साहेबरावांबरोबर स्टँडवर जायचो. ते बाकावर बसून कुठली गाडी किती उशिरा आली हे बघत बसायचे आणि मी त्यांच्या पायाशी बसून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरकडून पाठ थोपटून घ्यायचो. "काय कंडक्टर, शिट्टी कुठंय?" असं कुणी विचारलं की मी भुंकायचो आणि सगळा स्टँड हसायचा. माझे केस तेव्हा असे चमकायचे, की सरजाबाई मला दृष्ट लागेल म्हणून शाळेच्या वेळेला बाहेर सोडत नसत.

मी दीड वर्षाचा झालो आणि काहीतरी बिघडलं. आधी मला स्वतःलाच कळलं नाही. एवढंच कळायचं, की जेवण झालं तरी जेवल्यासारखं वाटत नाही. भाकरी, वरण, भात, दूध, जे पुढ्यात येईल ते मी क्षणात संपवायचो आणि भांडं चाटत घरभर फिरवायचो. पोटात सारखी गुडगुड व्हायची. दिवसातून पाच-सहा वेळा मला बाहेर पळावं लागायचं, आणि मागे राहायचा तो ढीग एवढा मोठा आणि एवढ्या वासाचा, की गल्लीतली माणसं नाक धरून पलीकडून जायची. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या भुकेत मी काय काय खाल्लं म्हणून विचाराल! कपडे धुण्याचा साबण खाल्ला. साहेबरावांची पायमोज्यांची एक जोडी खाल्ली. उकिरड्यावरचं तर विचारूच नका.

आणि एवढं खाऊनही मी वाळत चाललो. आधी बरगड्या दिसायला लागल्या, मग पाठीचा कणा. चमकणारे केस झाडूच्या काड्यांसारखे झाले.

जंताची औषधं तीनदा झाली. माझी शी तपासली. जंत सापडले नाहीत. मग साहेबरावांनी ठरवलं, गड्याला ताकद पाहिजे. त्यांनी भातावर तुपाची धार धरली, मटणाचं चरबीवालं सूप पाजलं. मी ते आनंदानं प्यालो आणि दुसऱ्या दिवशी मला अंगणात उभंही राहवेना.

त्यातून घरात निराळंच भांडण सुरू झालं. साहेबरावांना वाटायचं, आपण स्टँडवर गेलो की सरजा हात आखडता घेते. सरजाबाईंना वाटायचं, माझ्या वाट्याचं मटण साहेबरावच खाऊन टाकतात. साहेबराव तांदळाच्या डब्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवायचे. सरजाबाई पडद्याआडून नवऱ्यावर पाळत ठेवायच्या. चाळीस वर्षांचा संसार झालेली दोन माणसं माझ्यापायी एकमेकांशी बोलेनाशी झाली, आणि मी दोघांच्या मध्ये बसून दोघांच्या ताटाकडे बघत राहायचो.

शेवटी एक दिवस मी हद्द केली. समोरच्या घरी शांतम्मा राहायच्या. किराणा दुकान चालवणाऱ्या, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, स्वभावानं कडक पण चोख बाई. त्यांच्या नातीचं बारसं होतं. घुगऱ्यांचं पातेलं ओट्यावर निवायला ठेवलेलं. मी दोर तोडून आत शिरलो आणि पाहुणे ओरडेपर्यंत पातेलं रिकामं केलं. वर केळीची पानंही चावली.

शांतम्मा बाहेर आल्या. माझ्या बरगड्यांकडे बघून त्यांचा राग उतरला, पण त्या जे बोलल्या ते रागापेक्षा वाईट होतं.

"सरजाबाई, तुमाला सांबाळाय जमत नसंल तर पाळायचं कशाला? मुक्या जिवाला आसं उपाशी ठेवू ने बगा."

सगळ्या बायका बघत होत्या. सरजाबाईंनी माझा तुटलेला दोर धरला. मला घरी आणलं, दाराला कडी घातली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडल्या. त्या दिवसापासून त्यांनी बायकांत बसणं सोडलं.

त्याच आठवड्यात स्टँडवर कुणीतरी साहेबरावांना म्हणालं, "मामा, न्हाई जगत आता हे. भोकरच्या जंगलात सोडून द्या. मी घेऊन जातो टेम्पोत."

साहेबराव उठून उभे राहिले. "तीस वर्षं गाडी चालवली. एक पाशिंजर बी मधीच उतरवला न्हाई. आन् कंडक्टरला सोडून गाडी न्हेतेत का कुठं?"

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. बुद्धप्रियानं नांदेडमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं.

डॉक्टर दामिनी वयानं लहान होत्या, लातूरच्या. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. एकोणीस किलो भरलो. माझ्यासारख्यानं तीसच्या पुढं असायला हवं. मग त्यांनी विचारलं, "काका, हा खात नाही म्हणून वाळतोय, की खाऊनसुद्धा वाळतोय?"

दोघं नवरा-बायको महिन्याभरात पहिल्यांदा एका सुरात बोलले. "खाऊन!"

"बरं. आणि शी कशी असते?"

साहेबराव खिडकीबाहेर बघू लागले. सरजाबाई मात्र पुढं सरसावल्या. "शिळ्या पिठल्यावानी बगा, डाक्टर. पिवळी, पांढुरकी. वर तेलाचा तवंग. आन् वास असा, की म्हशीबी उठून जातेत. आन् मग हा तीच खायला बगतो."

"अगं, हळू बोल," साहेबराव पुटपुटले.

"बोलू द्या काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मावशींनी अर्धं निदान करून दिलं."

उरलेल्या अर्ध्यासाठी रक्त तपासायचं होतं, तेही उपाशीपोटी. आदल्या संध्याकाळपासून मला काही मिळणार नव्हतं. मला! दोन दिवसांनी मी पुन्हा नांदेडला आलो तेव्हा टेबलाचा पाय चाटत होतो. रक्त काढून झालं आणि बाजूला सरजाबाई एकदम खुर्चीत बसल्या. चक्कर आली होती. चौकशी केली तर कळलं, काल संध्याकाळपासून त्यांनीही अन्नाला हात लावला नव्हता.

"त्याच्यासमोर कसं खाऊ?" त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी आधी त्यांना चहा-बिस्किट दिलं, मग मला भात.

रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेलं. सहा दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला आणि सांगितलं, "पोटात जठराशेजारी स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. अन्न पचवायचा रस तो तयार करतो. याचं ते काम जवळजवळ बंद पडलंय. म्हणून हा जे खातो ते न पचता बाहेर जातं, अंगाला काही लागतच नाही. या जातीच्या कुत्र्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो. यात तुमची काही चूक नाही."

सरजाबाईंनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजे मी कमी घालत न्हवते?"

"मावशी, तुम्ही कमी घातलं असतं, तर हा आजपर्यंत टिकलाच नसता."

साहेबराव रुमालानं चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. "सरजा," ते म्हणाले, "डब्यावर खुणा म्या करत होतो."

"म्हाईत हाय मला," सरजाबाई म्हणाल्या. "म्या पुसून दुसरीकडं करत होते."

इलाज असा होता: एक पावडर. पचवायचा जो रस माझ्या पोटात नाही, तो त्या पावडरीत. प्रत्येक जेवणात ती नीट कालवायची, जेवण गरम नको, कोमट हवं, कारण उष्णतेनं पावडरीतली ताकद जाते. तूप बंद, चरबी बंद. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, दिवसातून तीनदा, थोडं थोडं. शिवाय दर आठवड्याला बी-बाराचं इंजेक्शन, कारण तेही माझ्या अंगात उरलं नव्हतं.

साहेबरावांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. ते भात कालवायचे, पावडर मिसळायचे, कंडक्टरसारखी शिट्टी वाजवायचे, आणि मग वीस मिनिटं थांबायचे. पावडर भातात मुरावी म्हणून. मित्रांनो, ती वीस मिनिटं! मी लाळेचं तळं करायचो.

पाचव्या दिवशी साहेबराव अंगणातून ओरडत आले, "सरजा, लवकर ये! बघ, कशी घट्ट!" दोघंही वाकून माझ्या कर्तबगारीकडे बघत उभे राहिले. समोरून शांतम्मा बघत होत्या. त्यांना वाटलं, काही हरवलंय.

महिन्याभरात चार किलो वाढलो. तिसऱ्या महिन्यात माझ्या पाठीवरून हात फिरवला तर हाडं लागेनात. स्टँडवर पुन्हा शिट्टीची चौकशी सुरू झाली. आणि तिथंच साहेबरावांचं चुकलं. "गडी बरा झाला, आता रोज रोज औषध कशाला," म्हणून त्यांनी सरजाबाईंना न सांगता पावडर बंद केली. आठ दिवसांत पोटातली गुडगुड परतली आणि मी पुन्हा साबणाकडे बघू लागलो.

डॉक्टरबाई फोनवर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, काल गाडी चालली म्हणून आज डिझेल टाकायचं नाही का?"

ते वाक्य ड्रायव्हरच्या काळजात बरोबर बसलं. त्यानंतर एकही शिट्टी चुकली नाही.

शांतम्मांना सगळं कळलं ते सरजाबाईंनी कागद नेऊन दाखवला तेव्हा. त्या माऊलीनं कागद उलटसुलट बघितला आणि सरळ म्हणाल्या, "माजं चुकलं की वो, बाई." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारच्या शिट्टीला येऊन बसायला लागल्या.

पुढं एकदा साहेबराव आणि सरजाबाईंना नात्यातल्या लग्नासाठी दोन दिवस उमरीला जायचं होतं. माझं काय करायचं? शांतम्मा म्हणाल्या, "ठिवा माज्याकडं." सरजाबाई घुटमळल्या. शांतम्मांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि ती पावडर बनते जनावराच्या स्वादुपिंडापासून. सरजाबाईंनी हे स्पष्टच सांगितलं.

शांतम्मांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "त्याचं औषद हाय न्हवं? मग औषदाला कसला इटाळ?"

कोंबडी त्यांच्याकडून होणार नव्हती, ती सरजाबाईंनी उकडून डब्यात भरून दिली. पहिल्या दिवशी शांतम्मांनी नाकाला पदर लावला, लांब दांड्याचा पळा घेतला आणि तोंड फिरवून भात कालवला. मग घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं माझ्याशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी पदर नाकावर नव्हता.

आणि त्या संध्याकाळी एक अजब गोष्ट घडली. मी जेवत होतो. जेवता जेवता मला पोटात काहीतरी ऊबदार, जड, शांत वाटलं. असं कधी वाटलं होतं ते मला आठवेना. भांड्यात अजून चार घास होते. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि तसेच सोडून उंबऱ्याशी जाऊन आडवा झालो.

शांतम्मा धावत फोनकडे गेल्या. त्यांनी उमरीला फोन लावला. "साहेबराव, यानं भात टाकला की वो! म्या बरूबर सांगितल्यापरमानं घातलाय, देवाशप्पत!"

साहेबराव लग्नाच्या मांडवातून डॉक्टरबाईंना फोन करू लागले. नवरा-नवरीवर अक्षता पडत होत्या आणि हे एका कानात बोट घालून ओरडत होते, "भात टाकला म्हणतेत! टाकला! ह्यानं!"

पलीकडून दामिनीबाईंचं हसू आलं. "नाक गार आहे का? शेपूट हलवतोय का? मग काळजी नको. काका, त्याचं पोट भरलंय."

साहेबरावांनी ते मांडवातच मोठ्यानं सांगितलं. कुणाचं पोट, कशानं भरलं, हे वऱ्हाडाला काहीच कळलं नाही. पण सरजाबाई रडत हसत होत्या, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, एखादं जनावर खाऊनही वाळत असेल, तर त्याला हावरट म्हणू नका आणि त्याच्या माणसांना निर्दयी म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. त्याची शी कशी आहे हे सांगायला लाजू नका. सरजाबाई लाजल्या असत्या तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो. आणि औषध रोजचं असेल तर ते रोज द्या, जनावर उड्या मारत असलं तरी द्या. तुमच्या मुक्या सोबत्यासाठी एवढं तरी तुम्ही नक्कीच कराल.

आता मला थांबलं पाहिजे. सात वाजत आलेत. आत भात कालवल्याचा आवाज येतोय, शांतम्मा चपला काढून ओट्यावर बसल्यात, आणि साहेबराव शिट्टी शोधतायत.