मधुकररावांचा नेम

मस्कतजवळच्या माबेल्यात मधुकर दळवींकडे चहाला गेलेल्याची जुन्या छऱ्यांच्या बंदुकांचे फोटो पाहिल्याशिवाय सुटका नसे. खऱ्या बंदुका चिपळूणच्या घरी कपाटात होत्या. ओमानमध्ये आणायची सोय नव्हती. "ही बाबांनी मला आठव्या वर्षी घेतलेली. हिनं मी आंबा देठातून पाडायचो," ते अभिमानानं सांगत.

यंदा त्यांची थोरली बहीण शीलाताई राहायला आली. जवळच्या सीब गावच्या जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल दिसताच मित्रांनी मधुकररावांना पुढे ढकललं. एकही फुगा फुटला नाही.

"नळीच वाकडी आहे," ते पुटपुटले.

शीलाताईंनी पदर खोचला आणि त्याच बंदुकीनं ओळीनं सगळे फुगे फोडले.

"ताई, हे कुठे शिकलात?" एका मित्रानं विचारलं.

"चिपळूणलाच. चाप ओढताना हा डोळे गच्च मिटायचा. आंबे मी पाडायचे, हा खाली गोणपाट धरायचा."

सगळे हसले. मधुकररावही हसले, पण कान लाल झाले. गाडीत ते हळूच म्हणाले, "ताई, ती चिपळूणची बंदूक तू घेऊन जा."

"नको रे, बंदूक तुझीच. फक्त सांगताना माझं नाव घेत जा."

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या शुक्रवारी पाहुण्यांना फोटो दाखवत ते म्हणाले, "आमची ताई अव्वल नेमबाज बरं का! मीच शिकवलं तिला."