बुवांची मुलाखत

मुलाखतीच्या खोलीचं दार उघडलं आणि प्रमोदराव खुर्चीतून उठून चक्क वाकले. समोरच्या तरुणाच्या पायांपाशी हात गेल्यावर त्यांना भान आलं.

"अहो काका, नक्को, नक्को!" तरुण दोन पावलं मागे सरला.

शेजारचे मिलिंदसर बघतच राहिले. "प्रमोदराव, उमेदवार आहेत ते!"

आता सांगणं भागच होतं. जामबागेतल्या देवळात दर महिन्याला युवराजबुवांचं कीर्तन होतं. आरती झाली की लहानथोर सगळे बुवांच्या पाया पडतात. तिथे वय कोणी विचारत नाही. चौपन्न वर्षांचे प्रमोदराव दोन वर्षं या तिशीतल्या मुलापुढे वाकत आले होते. पोटापाण्यासाठी तो काय करतो, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. अर्जावरचं नाव वाचून, फोटो पाहूनही ओळख पटली नव्हती. फोटोत फेटा नव्हता ना!

"मग तुमचे गुण धरता येणार नाहीत. कंपनीचा नियम," मिलिंदसर हसत म्हणाले. "प्रश्न मात्र विचारा. ब्रेकमधलं मला तुमच्याइतकं कळत नाही."

गाड्या बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीत ब्रेक-चाचणीची जागा निघाली होती. युवराज काम करत होता तो सुट्या भागांचा कारखाना महिनाअखेरीस बंद व्हायचा होता. घरी बायको रेणू आणि सहा महिन्यांची लेक. प्रमोदरावांनी मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले. होऊ दे रे बाबा याचं काम.

पहिले प्रश्न छान गेले. मग अर्जातल्या सेन्सर-चाचणीच्या अनुभवावर बोट ठेवून मिलिंदसरांनी विचारलं, "घाट उतरताना चाकाजवळचा सेन्सर बंद पडला, तर?"

युवराज क्षणभर थांबला. मग त्याचा आवाज चढला, उजवा हात वर गेला. गाडीत बसलेल्या माणसांचे जीव, चालकाचा विश्वास, आपली जबाबदारी... बोलणं असं रंगलं की मिलिंदसर लिहायचं विसरून ऐकत बसले.

हा चढलेला आवाज, हा हात प्रमोदरावांनी मात्र रविवारीच पाहिला होता. आख्यानात बुवा पुढची ओवी विसरले, तसा हात उंचावून त्यांनी विठ्ठलनामाचा गजर धरला. सगळी सभा गाऊ लागली आणि चूक त्यात बुडून गेली. प्रमोदरावांनीही तेव्हा हौसेने टाळी धरली होती.

आज गप्प बसलं तर जागा याचीच होती.

"बुवा," त्यांच्या तोंडून तेच निघालं, "तार काढून सेन्सर बंद पाडायची ती चाचणी तुम्ही घेतलीत, तेव्हा तार कुठून काढलीत?"

युवराजचा हात खाली आला.

"मी नाही काढली, काका. चाचणी दुसऱ्यांनी घेतली. मी अहवाल लिहिला."

मिलिंदसरांनी पेन उचललं.

युवराज बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नसतं तर मी घेतलंच होतं त्याला. खरं बोलला, हे आवडलं. पण ही जागा चाचणी स्वतः करून तिच्यावर सही करणाऱ्याची आहे."

"हो," प्रमोदराव म्हणाले. ते उठून बाहेर आले.

युवराज लिफ्टपाशी उभा होता. त्यांना पाहून कसंनुसं हसला. "गेलं ना काम?"

"ही जागा गेली."

"रविवारी ओवी विसरलो, तेव्हापण पकडलं होतं मला?"

"हो."

"मग तिथे का नाही बोललात?"

"तिथे तुमच्या मागे दोनशे माणसं गायला उभी होती, बुवा. घाटात ब्रेकच्या मागे कोण उभं राहणार?"

लिफ्ट आली. युवराज आत गेला नाही. खाली बघत म्हणाला, "ती तार कुठे असते, काका? खरंच, मी कधी हात लावून पाहिलं नाही."

प्रमोदराव म्हणाले, "शनिवारी नारायणगुड्याला घरी या. माझी जुनी गाडी आहे. चाक काढू, तार सोडवू, आणि गल्लीत हळूहळू चालवून समोरचा धोक्याचा दिवा कधी लागतो ते बघू. एक मात्र, गाडीखाली आडवं पडावं लागेल."

"हौ, पडतो की," युवराज म्हणाला, आणि त्याने वेळ विचारली.