राजाच्या स्वागताचं चित्र

माझा नवरा मिसोलोंगीला तुर्कांच्या वेढ्यात मारला गेला. नाफ्प्लियो बंदरातल्या या घरात मग मी आणि माझा दीर थिमियोस, दोघंच उरलो. तुर्कांशी उभं तारुण्य लढलेला माणूस. पण बव्हेरियाहून आम्हाला राजा मिळाला आणि त्याच्या कारभाऱ्यांनी आमच्या डोंगरी टोळ्या मोडून टाकल्या. ज्याला नोकरी हवी त्यानं निळा जर्मन गणवेश घालावा म्हणाले. "वहिनी, त्या तुमानीत मला श्वाससुद्धा घेता येणार नाही," थिमियोस म्हणाला आणि बंदरावर माशांच्या पेट्या उचलायला लागला.

वरची खोली मी एबनर नावाच्या बव्हेरियन चित्रकाराला भाड्यानं दिली. नव्या राजाचं ग्रीसमध्ये आगमन, असं भिंतीएवढं चित्र तो म्युनिकसाठी काढणार होता. आमची भाषा तो जुन्या पोथ्यांवरून शिकलेला. आल्या आल्या मला म्हणाला, "हे गृहस्वामिनी, किंचित जल देशील काय?" हसू दाबून मी पाणी दिलं.

चित्रातली ग्रीसमाता म्हणून त्यानं मला उभं केलं. अंगाला पांढरी चादर, पायाशी तुटलेल्या बेड्या. चार दिवसांनी त्यानं माझा चेहरा खरवडून काढला.

"तुझी नासिका प्राचीन मूर्तींसमान नाही," तो म्हणाला. "तुम्हा लोकांत त्या प्राचीनांचे रक्त उरलेले दिसत नाही."

"नाक माझ्या आईचं आहे. आणि रक्त मिसोलोंगीत सांडलंय साहेब, जाऊन बघून या."

तो मान डोलावत राहिला. माझ्या खांद्यांवर त्यानं प्लास्टरच्या एका देवीचं डोकं बसवलं.

मग त्याची नजर थिमियोसवर गेली. दिवसाला पाव, चीज आणि वाइन मिळेल म्हणाला. बंदरावर तेवढंही सुटत नव्हतं. थिमियोसचा चुण्यांचा झगा लढाईत पाऊस अडावा म्हणून चोळलेल्या चरबीनं काळा पडलेला. एबनरनं कुणा श्रीमंताचा शुभ्र झगा आणून त्याला घातला.

"हे वीरा, आता भूमीवर जानू टेकून खड्ग नृपचरणी अर्पण कर."

"काय म्हणतोय हा, वहिनी?"

"गुडघे टेक म्हणतोय. आणि तलवार राजाच्या पायाशी ठेव."

थिमियोसनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग राजा म्हणून मांडलेल्या रिकाम्या खुर्चीकडं. "त्याला सांग, तुर्कांच्या पाशासमोर टेकले नाहीत ते खुर्चीसमोर टेकू होय? उभं राहतो. हवं तर काढा."

एबनर रागावला नाही. उभाच काढतो म्हणाला, आणि त्याचा चेहरा फार सुरेख काढला. कपाळावरची जखमेची खूणसुद्धा सोडली नाही. थिमियोस स्वतःला बघून लाजला. "अगं, हा तर दादासारखा दिसतोय," म्हणाला.

त्या हिवाळ्यात त्याच्या जुन्या कप्तानाला राजद्रोही म्हणून पालामिदीच्या किल्ल्यात कोंडलं. थिमियोस दुसऱ्याच दिवशी डोंगरात निघून गेला. तिथं त्याच्यासारखे पुष्कळ होते. सरकार त्यांना दरोडेखोर म्हणत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मेंढ्या ते पळवत होतेच. ईस्टरआधीच्या उपवासांत तो पकडला गेला. राजाच्या माणसांनी मुंडकी उडवायचं यंत्र जहाजातून आणलं होतं, त्याच्याखाली त्याला घातलं. मी गेले नाही. मला जाववलं नाही.

एबनरची राजवाड्यात ऊठबस होती. मी त्याच्या पाया पडले. "साहेब, शब्द टाका. धड आणि डोकं आम्हाला द्या, पुरायचंय."

"अवश्य विचारीन," तो म्हणाला. मी रोज विचारायचे. रोज तो विसरलेला असायचा. शेवटी कबर खणणाऱ्यानंच सांगितलं की किनाऱ्याजवळच्या खड्ड्यात टाकून वर चुना ओतलाय.

चित्र पुरं झालं तेव्हा अधिकारी आणि त्यांच्या बायका माझा जिना चढून ते बघायला आले. मीही दाराशी उभी राहिले. राजाच्या घोड्यापुढं थिमियोस होता. गुडघे टेकलेले, तलवार धुळीत, भरल्या डोळ्यांनी वर बघत होता.

"किती निष्ठावान चेहरा!" एक बाई म्हणाली.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "तो उभा होता."

"चित्रास तसे आवश्यक होते," एबनर ब्रश पुसत म्हणाला. "आता तो अमर झाला."

थिमियोस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, मेलेल्यांच्या नावानं वाटतात तसे, मी डाळिंबाचे दाणे आणि बदाम घालून गहू उकडले. दरोडेखोराचं नाव प्रार्थनेत घेणार नाही, असं पाद्री म्हणाला. म्हणून टोपली घेऊन मी घराच्या दारातच बसले. मोडलेल्या टोळ्यांतली माणसं एकेक करून आली. कुणाला हात नव्हता, कुणाच्या पायात जोडा नव्हता. मूठभर गहू घ्यायचे, "देव त्याला क्षमा करो" म्हणायचे आणि भिंतीच्या सावलीत बसून खायचे.

तेवढ्यात एबनर खाली आला. त्याच दिवशी चित्र घेऊन तो जहाजावर चढणार होता. त्यानंही हात पुढं केला. मी गहू घातला. तो चावून बघून म्हणाला, "मधुर आहे. कोणता उत्सव?"

"हे खाताना, देव त्याला क्षमा करो, असं म्हणायचं असतं," मी सांगितलं.

"कोणास?" त्यानं विचारलं.

सावलीतल्या माणसांचं चावणं थांबलं.