खिडकीतल्या बाईकडे दुर्लक्ष करा

"पुन्हा वाच," लुत्सिना म्हणाली.

कामिलने फोन डोळ्यांसमोर धरून पुन्हा वाचलं. कुठल्याशा वेबसाइटवर आमच्या पोलंडमधल्या लुब्लिनला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी सूचना होत्या. ट्रॉलीबसमध्ये चढल्यावर तिकीट यंत्रात घालून छापून घ्या. दिवा लाल असेल तर रस्ता मोकळा दिसला तरी ओलांडू नका, दंड होतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद, खरेदी शनिवारीच उरका. आणि मग आमचा नंबर: वेशीजवळच्या मिल्क बारमध्ये, म्हणजे साध्या खानावळीत, स्वस्त आणि उत्तम जेवण मिळतं. खिडकीतली बाई खेकसते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

"दुर्लक्ष करा?" लुत्सिनाने ओगराळं खाली ठेवलं. "मी 'टोमॅटोचं सार' म्हणून ओरडले आणि त्यांनी दुर्लक्ष केलं, तर ते सार काय चालत जाणार टेबलापर्यंत?"

मी गल्ल्यावर बसते. माझ्याकडे पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, ती लुत्सिनाच्या खिडकीत द्यायची, तिने पदार्थाचं नाव ओरडलं की उठून ताट न्यायचं आणि खाऊन झालं की भांडी आपली आपण परत आणायची. इतकं साधं आहे. सत्तावीस वर्षं आम्ही दोघी हेच करतोय. तिचा आवाज माझ्या कानात असा बसलाय की सुटीच्या दिवशी घर सुनं वाटतं.

कामिल आमचा नवा मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण फोनवर कोण काय लिहितं यावर त्याची झोप ठरते. "लुत्सिनाबाई, सोमवारपासून आठवडाभर जरा हसून बघा," तो म्हणाला. "नाही जमलं तर तुम्ही मागे भांड्यांवर, आणि भांडी घासणारी कारोलिना खिडकीत."

भांड्यांच्या खोलीतून माणूस दिसत नाही. लुत्सिनाला घरी कोणी नाही, तिची माणसं म्हणजे या खिडकीपुढची रांग. ती फक्त "बरं" म्हणाली, आणि मला तिचा संताप आला. ही बाई 'बरं' म्हणणाऱ्यांतली नव्हे.

सोमवारी ती ओठ रंगवून आली. "आपलं बीटचं सार तयार आहे हं," असं तिने मंजुळ आवाजात म्हटलं, तेव्हा नोटरीकडची टायपिस्ट ताट न घेता थेट माझ्याकडे आली.

"बार विकला का?"

"नाही हो."

"मग ती हसतेय कशाला? मला नका सांगू!"

अकरापर्यंत रांगभर कुजबुज झाली. कोणी म्हणे इथे बँक येणार, कोणी म्हणे मोबाइलचं दुकान. एका आजीबाईंनी तर सारण भरून उकडलेले आठ प्लेट पिएरोगी बांधून घेतले, फ्रीझरमध्ये ठेवायला.

सव्वाबाराला झेनोनराव आले. जन्मभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले. रोज ते शेवया घातलेलं टोमॅटोचं सार घेतात आणि रोज लुत्सिना ओरडते, "झेनोन! सार गार होतंय, घोडागाडी पाठवू का?" मग ते आपल्या टेबलावरून, "आलो! म्हाताऱ्या गाडीला सुटायला वेळ लागतो!" त्या दिवशी ती म्हणाली, "झेनोनराव, आपलं सार. सावकाश या."

ते आले, पण ताटाला हात लावेनात.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. घ्या ना."

"तुम्ही माझ्याशी असं गोड एकदाच बोललात, लुत्सिनाबाई. माझी हालिना गेली त्या आठवड्यात. मी सवयीने दोन ताटांची चिठ्ठी घेतली होती. तुम्ही एकच ताट पुढे केलंत आणि म्हणालात, सावकाश जेवा." ते खिडकीत वाकले. "खरं सांगा. डॉक्टर काही बोलले का तुम्हाला?"

ती दोन ताटांची चिठ्ठी मीच फाडून दिली होती.

स्वयंपाकघराच्या दारात कामिल उभा होता. लुत्सिनाने त्याच्याकडे पाहिलं, ॲप्रनच्या टोकाने ओठ खसाखसा पुसले आणि छाती भरून श्वास घेतला.

"डॉक्टर काय बोलणार, डोंबल? उचला ते ताट! मागे नऊ माणसं खोळंबलीत आणि तुम्ही बंद पडलेल्या बससारखे मध्येच! शेपू भरपूर घातलाय, एक काडी जरी उरली ना, तर मी स्वतः येऊन चारीन!"

झेनोनरावांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "आलो... म्हणजे, चाललो!" असं म्हणत ते ताट घेऊन निघाले. टेबलाटेबलावर चमचे वाजू लागले. आजीबाई हळूच माझ्याकडे आल्या. "सहा प्लेट परत घ्याल का हो?"

"मी जाते मागे," लुत्सिना कामिलला म्हणाली. "पण हसणार नाही."

कामिल झेनोनरावांकडे बघत होता. ते मान खाली घालून भराभर जेवत होते. "मागे नको," तो म्हणाला. "तुम्ही इथेच बऱ्या."

"मग सूचनाही आपल्या आपणच लिहू," मी म्हटलं. लुत्सिनाने सांगितल्या, मी लिहिल्या, खाली कामिलने इंग्रजीत उतरवल्या. पाटी अजून खिडकीवर आहे. चिठ्ठी कुठे, भांडी कुठे, आणि शेवटची ओळ: बाई ओरडतेय म्हणजे सगळं ठीक आहे.

यंदाच्या मार्चमध्ये एका सकाळी झेनोनरावांची शेजारीण येऊन, ते रात्री गेले, एवढं आम्हा दोघींना सांगून गेली. लुत्सिनाने ऐकलं, "हं" म्हणाली आणि बटाटे कुस्करत राहिली. इतर कोणाला आम्ही काही बोललो नाही.

सव्वाबाराला खिडकीपुढे एक परदेशी पाहुणा होता, पाठीवर पिशवी घेतलेला. त्याने टोमॅटोचंच सार मागितलं होतं. लुत्सिनाने ताट पुढे सरकवलं. "सावकाश जेवा," ती म्हणाली, अगदी हळू.

सगळ्या बारमध्ये चमचे थांबले. पाहुण्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ताट हातात धरून तो तसाच उभा राहिला.