जेसीबीतला झेंडू

झाडाला ठोकलेला खिळा दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या रविवारी म्हसरूळच्या मागच्या जंगलात, शर्यतीच्या वाटेवर, असे खिळे मला वळणावळणावर दिसले. जिवंत सागाच्या सालीत बोटभर खिळे आणि त्यांवर फ्लेक्स. 'जंगल वाचवा, सायकल चालवा' हे खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. बाकी सगळ्या फ्लेक्सभर हात जोडलेले दादासाहेब. भावी आमदार.

मी साधना. शाळेत खेळ शिकवते. मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं खोटं नाही. माझे नियम थोडेच आहेत. वेळेवर या, नखं कापा, मैदानावर थुंकू नका. थुंकणारा कोणाचा का मुलगा असेना, त्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावते.

त्या दिवशी डोंगरी सायकलिंगची जिल्ह्याची निवड चाचणी होती. मुलींमधून एकच जण राज्य स्पर्धेला जाणार होती आणि ती निकिताच असणार याबद्दल मला शंका नव्हती. निकिता माझ्याच शाळेतून बाहेर पडलेली, आता बारावीला. मखमलाबादच्या बाजूला तिच्या वडिलांचा, सावळीरामभाऊंचा, फुलांचा मळा आहे. पहाटे वडिलांबरोबर झेंडू तोडायचा, टेम्पो बाजाराला गेला की सायकल काढायची आणि थेट या जंगलात यायचं, असा तिचा तीन वर्षांचा नेम. पुढच्या वर्षी ती या वयोगटातून बाद होणार होती. म्हणजे राज्याला जायचं तर आजच.

शर्यत संघटनेची होती आणि संघटनेचा सचिव ललित. हाही माझाच विद्यार्थी. शाळेत असताना अर्ध्या फेरीत पोटात दुखायचं त्याच्या. आता पांढरे शुभ्र बूट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून सगळ्यांना सूचना देत फिरत होता. शिट्टी मारून शर्यत सोडायचं आणि निकाल लिहायचं काम त्याने माझ्याकडे दिलं होतं. पत्रिकेत सकाळी सातची वेळ छापली होती.

तर मी सातला शिट्टी मारली.

यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नऊनंतर त्या उघड्या चढावर ऊन मी म्हणतं आणि पोरींनी पहाटेपासून काही खाल्लेलं नव्हतं. आठ जणी होत्या. जंगलातून चढून वरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, करवंदीच्या जाळ्यांमधून उतरायचं, कोरडा ओहोळ ओलांडायचा आणि शेवटी काळ्या खडकाच्या वळणावरून मोकळ्या पटांगणात यायचं. ते खडकाचं वळण अवघड आहे. गुळगुळीत सपाट कातळ, आणि लगेच पुढे शेवटची रेषा.

निकिता एकटीच आली. कातळावर तिने ब्रेकला हातसुद्धा लावला नाही, नुसती अंगाने कलली आणि सुळकन रेषेपार झाली. मागे बराच वेळ कोणीच दिसेना. टेम्पोपाशी उभे असलेले सावळीरामभाऊ काळजीत पडले.

"एकटीच कशी आली? बाकीच्या पोरी कुठं राह्यल्या? वाट तं नाय चुकली ना ही?"

"पहिली आलीय तुमची पोरगी," मी म्हटलं. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग म्हणाले, "लय बेस झालं."

मी वेळ लिहिली, क्रमांक लिहिले, ललितच्या हातात कागद दिला. त्याने न बघता घडी करून खिशात घातला. त्याचं सगळं लक्ष पाहुण्यांसाठी मागवलेल्या मिसळीकडे होतं.

मिसळ मला आवडते. नाशिकमध्ये राहून न आवडून कसं चालेल? पण त्या दिवशी मी जे पाहिलं त्यानंतर महिनाभर मला तर्रीचा वास नको झाला. महागडे चष्मे आणि चकचकीत हेल्मेटं घालून आलेल्या हौशी सायकलवाल्यांनी खाल्लेल्या प्लेटी जागच्या जागी टाकल्या. करवंदीत प्लेटी, वाटेवर प्लेटी, सागाच्या बुंध्याशी लाल तेलात भिजलेले पाव. एकाने बाटलीतल्या पाण्याने खळखळून चूळ भरली आणि पचकन शर्यतीच्या वाटेवरच टाकली. त्याच्या टी-शर्टवर झाडाचं चित्र होतं. मी बोलले त्याला, चांगलीच बोलले, तर तो हसून म्हणाला, "जंगलच आहे ना मॅडम, जिरून जाईल." असली शिसारी आली मला!

साडेनऊला दादासाहेब आले. त्यांच्या पुढे जेसीबी.

हो, जेसीबी. हल्ली मोठ्या माणसावर फुलं उधळायची तर ती हाताने उधळून भागत नाही. ते पिवळं धूड शर्यतीच्याच पायवाटेने करवंदीच्या जाळ्या चिरडत वर आलं. त्याच्या तोंडात क्रेटच्या क्रेट झेंडू ओतला गेला. झेंडू सावळीरामभाऊंचा होता. "तुमची पोरगी खेळतेय, तर फुलं तुमच्याकडूनच हवीत," असं ललितने त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्या भल्या माणसाने बाजाराचा माल बाजूला काढून हौसेने आणला होता. दादासाहेबांवर तो धबाधबा पडला. फटाक्यांची माळ लागली. जंगलातली होती नव्हती तेवढी पाखरं उडून गेली.

डोक्यावरच्या पाकळ्या झटकत दादासाहेब म्हणाले, "चला, झेंडा आणा. सोडू पोरींना."

ललितचा चेहरा पडला. तो लगबगीने माझ्याकडे आला.

"मॅडम, परत सोडावं लागेल."

"काय परत सोडावं लागेल?"

"शर्यत. सकाळची आपण रंगीत तालीम समजू."

"ललित, शिट्टी मी मारली. निकाल तुझ्या खिशात आहे."

"अहो मॅडम, उद्घाटनच झालं नव्हतं! उद्घाटनाआधी निकाल कसा लागेल?"

हे तो गंभीरपणे म्हणाला, हे मला सांगायचंय. त्याच्या डोळ्यांत जराही लाज नव्हती. मला कळेना, याला मी पाच वर्षं नेमकं काय शिकवलं?

मी साफ नाही म्हटलं आणि शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. निकिताला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू जाऊ नकोस. तुझी शर्यत झालीय."

ती सायकलला टेकून उभी होती. ओठ सुकले होते तिचे. "नाही गेले तर गैरहजर लावतील, मॅडम. येते की मी परत पहिली. त्यात काय?"

सावळीरामभाऊ मान हलवत म्हणाले, "जा बाई. एकदा आली तशी अजून एकदा ये."

दादासाहेबांनी झेंडा दाखवला. फोटो नीट आला नाही म्हणून सुटलेल्या पोरींना मागे बोलावून पुन्हा दाखवला. ऊन डोक्यावर आलं होतं.

पोरी जंगलात दिसेनाशा झाल्या तशी विजेतीवर उधळायच्या फुलांची तयारी सुरू झाली. नवी फुलं कुठली असायला? जेसीबीने खालची पडलेलीच ओढून घेतली. तुडवलेला झेंडू, त्यात माती, त्यात तर्रीच्या प्लेटी, चमचे, सगळं एकदमच तोंडात घेतलं. आणि तो जाऊन उभा राहिला काळ्या खडकाच्या वळणावर, कारण फोटोत मागे दादासाहेबांचा फ्लेक्स यायला हवा होता.

"रेषेच्या पुढे टाका!" मी ओरडले. "कातळावर फुलं टाकाल तर चाक घसरेल!" ड्रायव्हरने ललितकडे बघितलं, ललितने फोटोवाल्याकडे. फोटोवाल्याने मला बाजूला व्हायला सांगितलं. मी फ्रेममध्ये येत होते.

निकिता आली. सकाळसारखी मोकळी नाही, सिन्नरची एक मुलगी तिच्या मागोमाग होती. पण पहिली निकिताच. ती कातळावर कलली आणि फोटोवाल्याने ड्रायव्हरला खूण म्हणून हात खाली केला.

तिच्यावर नाही, तिच्या पुढ्यात पडलं ते सगळं. पुढचं चाक झेंडूच्या रेंद्यात शिरलं आणि सायकल तिच्या अंगाखालून निघून गेली. ती हातावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सिन्नरच्या पोरीने ब्रेक दाबला, एक पाय टेकला, घाबरून बघत राहिली. "जा, जा, काय बघतेस!" लोक ओरडले. ती गेली बिचारी. माईकवर तिचं नाव घुमलं.

मी ललितची कॉलर धरायचीच बाकी ठेवली होती. "पाडलंत तुम्ही तिला!"

"मला वाईटच वाटतंय, मॅडम. पण रेषा आधी कोणी ओलांडली? रूल म्हणजे रूल. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

सावळीरामभाऊ कातळावर गुडघे टेकून बसले होते. पोरीच्या केसांतून, मानेवरून, एकेक पाकळी वेचून बाजूला टाकत होते. तिच्या गालाला मिसळीचं तेल लागलं होतं, ते त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. तेवढ्यात माईक पुन्हा बोलला. "आजच्या पुष्पवृष्टीसाठी फुलं देणारे सावळीरामभाऊ यांचा सत्कार दादासाहेबांच्या हस्ते होईल. सावळीरामभाऊ, व्यासपीठाकडे यावं." एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ते उठले आणि चालू लागले.

मला त्यांचाही संताप आला. जातो काय हा माणूस? पोरगी इथे कण्हतेय आणि हा नारळ घ्यायला निघाला?

त्यांनी वाकून नमस्कार केला. दादासाहेबांनी शाल पांघरवली, नारळ दिला. फोटो झाला. सावळीरामभाऊंनी नारळ तिथेच टेबलावर ठेवला, शाल खांद्यावरून काढली आणि परत येता येता तिची लांब घडी घातली. निकिताचा हात हळूच उचलून त्यांनी शालीच्या झोळीत ठेवला आणि मानेमागे गाठ मारली. फुलांचं गाठोडं बांधतात तशीच, सुटणार नाही अशी.

"हालवू नको आता," ते म्हणाले.

आम्ही तिला टेम्पोत बसवलं. तिने मला विचारलं, "सकाळी मी पहिली आले होते ना, मॅडम?"

"आली होतीस. मी बघितलं."

"हं," ती म्हणाली. "दादासाहेबांनी नाही बघितलं."

टेम्पो सुरू होतोय तोच ललित पळत आला. मला वाटलं, आला असेल माफी मागायला. दवाखान्यात सोबत येतो म्हणेल. माझा राग जरा खाली बसला.

"मॅडम," तो धापा टाकत म्हणाला, "ती शाल तेवढी मिळेल का? दादासाहेबांच्या भाच्याचा सत्कार राहिलाय आणि शाली संपल्या. यांना उद्या दुसरी पाठवतो, याच्यापेक्षा भारी."

सावळीरामभाऊंचा हात खरंच त्या गाठीकडे गेला. मोठ्या माणसांनी मागितलं की द्यायचं, हीच त्यांची जन्माची सवय. मी तो हात धरला आणि खाली ठेवला.

मग मी ललितच्या पांढऱ्या बुटांवर थुंकले. चांगली तोंडभरून थुंकले. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही खेळाच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी मैदानाला फेऱ्या मारल्या. मुलं फाटकातून बघत होती. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही काय केलंत?" मी त्याला खरं ते सांगितलं आणि पळत राहिले.