मागच्या दाराचं सलून

सलूनवाल्या दादांची वर्षभर एकच तक्रार होती: हल्लीचे दिवे काही खरे नाहीत. उजेड कमी वाटला म्हणून त्यांनी दुकानात मोठा दिवा लावला, तर दिव्याभोवती कडं दिसू लागलं आणि गिऱ्हाइकाचं डोकं धुक्यात बुडालं. दादांनी आरसा पुसला, चष्मा पुसला, एकदा तर समोरचं टक्कलही पुसून पाहिलं. धुकं जागचं हललं नाही.

वहिनी डोळे दाखवा म्हणून मागे लागल्या होत्या. दादा म्हणायचे, माझा हातच सगळं बघतो.

शेवटी हातानेच घात केला. बँडमास्तर दाढीला बसले होते. त्यांची मिशी पांढरीशुभ्र. दादांनी फेस समजून वस्तरा फिरवला आणि अर्धी मिशी फेसाबरोबर गेली. बँडमास्तरांनी आरशात दोन्ही बाजू वळून पाहिल्या. मग शांतपणे म्हणाले, "उरलेलीही काढून टाका. लोक काही एकाच बाजूने बघत नाहीत."

त्याच दुपारी वहिनींनी शटर ओढलं आणि दादांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. डोळ्यातलं स्वच्छ भिंग वयाबरोबर गढूळ होतं, थेंब घालून ते निवळत नाही, बदलावंच लागतं. दादांनी विचारलं, अजून थोडा पिकू द्यायचा का?

"पिकल्यावर गोड लागणार आहे का तो?" बाई म्हणाल्या. "कामात अडचण आली की काढायचा. फार पिकला तर काढायला उलट जड जातो."

आधी एकच डोळा करायचं ठरलं. थेंब घालून डोळा बधिर केला, पण दादा जागेच होते, त्यामुळे सवयीने गप्पा सुरू झाल्या. बाईंनी बजावलं, मान हलवायची नाही आणि बोलायचं नाही. हेच वाक्य दादा आयुष्यभर इतरांना ऐकवत आले होते. त्यांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखी मान स्थिर धरली. बारीकशा छेदातून गढूळ भिंग निघालं, कृत्रिम बसलं, आणि दादांना वाटलं अजून सुरुवातच व्हायचीय.

दुकानामागच्या घरी आल्यावर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वेळच्या वेळी औषध घालायचं आणि दुकान बंद. दोन-तीन दिवसांत कंटाळून दादा मागच्या दारी गेले. तिथे स्टुलावर इस्त्रीवाला बसला होता आणि वहिनी त्याचे केस कापत होत्या.

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर गिऱ्हाइकं पुढच्या दाराने बाहेर पडायची, बोळातून वळून मागे यायची, आणि वहिनी त्यांचे वाकडेतिकडे केस सारखे करून द्यायच्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लागलं असतं मनाला. शिवाय गप्पा त्यांना तुमच्याच हव्या होत्या."

दादांना घुश्शात बोलायचं होतं. त्याआधी त्यांनी इस्त्रीवाल्याची मान नव्या डोळ्याने नीट तपासली, चूक सापडेल या आशेने. एकही सापडली नाही.

"कल्ले कोणी शिकवले?"

"बघून बघून. दिसत तुम्हाला नव्हतं, मला दिसत होतं."

दादा संध्याकाळपर्यंत रुसून बसले. जेवताना मात्र त्यांनी आपणहून दुकानात वहिनींसाठी दुसरी खुर्ची ठेवायचा विषय काढला.

दुसरा डोळाही झाला, दुकान उघडलं. आता लोक डोकं वहिनींच्या हाती देतात आणि कान दादांकडे. दादांच्या खुर्चीतही कोणीतरी असतंच; घाईत असलेला माणूस तिथे बसत नाही, एवढंच.